ऐन मृगात कुलूपबंद झालेली उधारी: एका कृषी केंद्राचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडवरून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे कृषी केंद्र आहे. बियाणं, खत आणि फवारणीची औषधं, असा नेहमीचा धंदा. मालकांना अख्खा तालुका ‘भाऊ’ म्हणतो, मीही तेच म्हणतो. दुकानात त्यांचा पुतण्या बसतो, हिशेब वहिनी बघतात आणि हंगामात दोन हमाल असतात. मी या भागातल्या दुकानांचे संगणक दुरुस्त करतो, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देतो, शिकवतो. म्हणून २०२३ च्या जूनमध्ये, मृग लागून चार-पाच दिवस झाले असताना, सकाळी साडेनऊला पहिला फोन मलाच आला.

“भाऊ, टॅली उघडून नाही राह्यली. कंपनीच दिसत नाही.” टॅलीत ‘कंपनी’ म्हणजे दुकानाचा अख्खा हिशेब. पुतण्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

पुढे काय झालं ते भाऊंच्या संमतीने, गाव आणि नावं गाळून लिहितो आहे. आपल्याकडच्या बहुतेक कृषी केंद्रांत, किराणा दुकानांत, मेडिकलमध्ये अगदी अशीच मांडणी आहे. एक संगणक, त्यावर टॅली, त्याच संगणकावर घरातल्या पोरांचे ऑनलाइन फॉर्म आणि मागच्या बाजूला कायमचा खोचलेला पेनड्राइव्ह.

उधारी म्हणजे काय ठेवलेलं असतं

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी आधी हे सांगायला हवं. आमच्याकडे कास्तकार सरकी, सोयाबीनचं बियाणं, खताच्या बॅगा मे अखेर ते जूनमध्ये उचलतो आणि पैसे देतो कापूस विकल्यावर. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे. पीककर्ज वेळेवर हाती पडलं तर थोडे आधी. म्हणजे जूनमध्ये दुकानातून निघालेला माल सहा-सात महिने फक्त एका नोंदीच्या आधारावर उभा असतो. पूर्वी ती नोंद लाल कापडाच्या वहीत असायची, आता टॅलीत असते.

त्या नोंदीवर फक्त दुकानदाराचा जीव अडकलेला नसतो. बियाणं विकताना विक्रेत्याने बिल द्यायचं, हा बियाणे नियंत्रण आदेश १९८३ चा नियम. त्यावर लॉट नंबरही असतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या तेव्हा ज्याच्याकडे बिल आणि पिशवीचा टॅग होता त्याचीच तक्रार नीट उभी राहिली. बिल हरवलेला कास्तकार दुकानात येऊन म्हणतो, दुसरी प्रत काढून द्या. ती प्रत दुकानदाराच्या संगणकातून निघते. तो संगणक गेला तर कास्तकाराचा पुरावाही त्याच्यासोबत जातो. संगणकाच्या सुरक्षेबद्दल बोलताना ही बाजू मी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

ती सकाळ

फोनवरच मी सांगितलं, नेटची वायर काढ, वायफाय बंद कर, पेनड्राइव्ह उपसून बाजूला ठेव, आणि संगणकावर काहीही क्लिक करू नकोस. अर्ध्या तासात पोचलो. दुकानासमोर दहा-बारा माणसं उभी होती, दोन बैलबंड्या लागल्या होत्या. युरिया आणि डीएपीची विक्री मात्र चालू होती, कारण अनुदानाचं खत आधार घेऊन वेगळ्या पॉस मशीनवर विकलं जातं आणि त्या मशीनचा या संगणकाशी काही संबंध नव्हता. बियाणं-औषधाची बिलं वहिनी हाताने बिलबुकावर फाडत होत्या.

संगणकावरची प्रत्येक फाइल तशीच होती, पण तिच्या नावाच्या शेवटी चार अक्षरांची एक अनोळखी शेपूट लागली होती. टॅलीचा डेटा, एक्सेलचे तक्ते, आधार कार्डांच्या झेरॉक्सचे स्कॅन, भाचीच्या लग्नाचे फोटो. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक मजकुराची फाइल. इंग्रजीत लिहिलेलं होतं की तुमच्या फायली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली ९८० डॉलरला मिळेल, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्म्यात, म्हणजे ४९० डॉलरला. खात्री पटावी म्हणून एक फाइल फुकट उघडून दाखवू. खाली दोन ईमेल पत्ते आणि एक लांबलचक ओळख क्रमांक.

ही भाषा ओळखीची होती. स्टॉप किंवा डेजाव्हू या नावाने ओळखला जाणारा हा खंडणीखोर व्हायरस २०१८ पासून फिरतोय. तो मोठ्या कंपन्यांच्या मागे लागत नाही. फुकटच्या, कुलूप तोडलेल्या, म्हणजे विकत न घेता चोरून वापरायच्या सॉफ्टवेअरमध्ये लपून घराघरांत आणि छोट्या दुकानांत शिरतो. शिरल्यावर स्क्रीनवर विंडोज अपडेट चालू असल्याचं खोटं चित्र दाखवतो, म्हणजे संगणक मंद का झाला असा प्रश्न माणसाला पडत नाही. विंडोज आपसूक ठेवत असलेल्या जुन्या प्रती पुसतो. आणि संगणकातल्या ‘होस्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये ओळी घालून ठेवतो, जेणेकरून अँटिव्हायरस कंपन्यांची पानं त्या संगणकावर उघडूच नयेत. त्या सकाळी पुतण्याने मदत शोधायचा प्रयत्न केला होता आणि एकही पान उघडलं नव्हतं. त्याला वाटलं, नेट गेलंय.

मग मी तो पेनड्राइव्ह माझ्या एका रिकाम्या, नेट नसलेल्या लॅपटॉपला लावला. त्यावरही तीच शेपूट.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. तो पेनड्राइव्ह दोन वर्षांपूर्वी मीच लावून दिला होता. रोज रात्री टॅलीची प्रत आपोआप त्यात जावी म्हणून. “काढू नका, लावूनच राहू द्या,” असं मीच सांगितलं होतं. हार्ड डिस्क खराब झाली असती तर त्या पेनड्राइव्हने दुकान वाचवलं असतं. पण जी प्रत संगणकाला चोवीस तास चिकटलेली आहे ती व्हायरसच्या दृष्टीने त्याच संगणकाचा आणखी एक फोल्डर असते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. भाऊंच्या दुकानात मी ते पाळलं नाही.

किल्ली मिळेल का, पैसे द्यायचे का

डेजाव्हूबद्दल थोडं तांत्रिक सांगतो, कारण बरेच जण या टप्प्यावर चुकीचा निर्णय घेतात. हा व्हायरस कुलूप लावण्याआधी आपल्या मालकाच्या सर्व्हरशी बोलायचा प्रयत्न करतो. बोलणं झालं तर त्या एका संगणकासाठी वेगळी किल्ली येते. नेट बंद असेल, सर्व्हर लागला नाही, तर तो आपल्या पोटातली ठरावीक किल्ली वापरतो, आणि ती त्या जातीच्या सगळ्या बळींसाठी एकच असते. ही दुसरी किल्ली कधी ना कधी संशोधकांच्या हाती लागू शकते. एमसिसॉफ्ट या कंपनीने २०१९ मध्ये काढलेलं फुकटचं साधन अशाच किल्ल्यांवर चालतं. ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावरही ते मिळतं. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. कुठली किल्ली लागली हे ओळखायला एक खूण आहे: चिठ्ठीतल्या ओळख क्रमांकाची शेवटची दोन अक्षरं ‘टी१’ असतील तर पोटातली किल्ली.

भाऊंच्या चिठ्ठीत शेवटी ‘टी१’ नव्हतं. आदल्या संध्याकाळी नेट व्यवस्थित चालू होतं. साधन चालवून पाहिलं, त्याने स्पष्ट सांगितलं की ही किल्ली उपलब्ध नाही.

भाऊ गल्ल्यावर बसून होते. त्या वेळच्या दराने ४९० डॉलर म्हणजे ४० हजारांच्या आसपास. उधारी लाखांत. त्यांनी साधा हिशेब केला. “देऊन मोकये होऊ. चाळीस हजाराची खताची बॅग चोरी गेली असं समजू.”

त्यांचं मला पटत होतं. सहा महिन्यांची कमाई समोर अडकली असताना तत्त्वाच्या गोष्टी सांगणं सोपं नसतं. मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. पैसे बिटकॉइनमध्ये जातील, एकदा गेले की परत मागायला कुणी नाही. किल्ली मिळेलच याची हमी देणारा माणूस तोच चोर आहे. आणि ७२ तासांची मुदत त्याने आपल्याला विचार करू न देण्यासाठी घातली आहे. त्याआधी आपल्याकडे बाहेर कुठे काय काय पडलंय ते शोधू. शेवटच्या दिवशी निर्णय घेऊ. भाऊ ‘बरं’ म्हणाले, पण मोबाइलवर ४९० गुणिले दर हा हिशेब त्यांनी त्या दिवशी तीन वेळा केला.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने आणखी एक गोष्ट केली, चांगल्या हेतूने. एका व्हिडिओखाली कुणी लिहिलं होतं, माझ्या फायली या माणसाने उघडून दिल्या, त्याला टेलिग्रामवर भेटा. त्याने संपर्क केला. समोरच्याने आठ हजार आगाऊ मागितले. नशिबाने पैसे पाठवण्याआधी पुतण्याने मला विचारलं. हा दुसरा सापळा आहे आणि पहिल्यापेक्षा जास्त क्रूर आहे, कारण तो आधीच लुटल्या गेलेल्या माणसाला गाठतो. ज्या कुलपांवर संशोधकांचं साधन चालत नाही ती टेलिग्रामवरचा कुणी ‘तज्ज्ञ’ उघडू शकत नाही. तो आगाऊ घेऊन पळतो, किंवा फार तर चोराकडून किल्ली विकत आणून वर आपलं कमिशन लावतो.

दोन दिवस कुठे गेले

शिरकाव कुठून झाला ते आम्ही दोन दिवस चुकीच्या जागी शोधलं. माझा संशय होता एका कंपनीच्या नावाने आलेल्या दरपत्रकाच्या ईमेलवर. तो ईमेल खरा निघाला. मग वाटलं, झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह असेल. पुतण्याला विचारलं तर म्हणाला, मी काही केलं नाही जी.

तिसऱ्या दिवशी मी हार्ड डिस्क माझ्या लॅपटॉपवर फक्त वाचण्यापुरती लावली आणि ब्राउझरचा डाउनलोडचा इतिहास बघितला. घटनेच्या संध्याकाळी एक पासवर्ड लावलेली झिप फाइल उतरवलेली होती. फोटो आणि पोस्टर बनवायच्या एका महागड्या सॉफ्टवेअरची कुलूप तोडलेली प्रत. विंडोजच्या सुरक्षा नोंदीत त्याच मिनिटांत अँटिव्हायरसने ती अडवल्याची नोंद होती, आणि त्यानंतर लगेच कुणीतरी तो फोल्डर तपासणीतून वगळल्याची.

मी पुतण्याला बाहेर पानठेल्यापाशी नेलं आणि त्याला एकट्यालाच दाखवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला दुकानाचं खरिपाचं बॅनर स्वतः बनवायचं होतं. फ्लेक्सवाल्याला द्यायचे पैसे वाचतील, मोठेबाबा, म्हणजे भाऊ, खूश होतील, एवढंच. उतरवलेल्या फाइलसोबतच्या सूचनेत लिहिलं होतं की अँटिव्हायरस खोटा इशारा देतो, आधी तो बंद करा. झिपला पासवर्ड का लावतात हे त्याला माहीत नव्हतं. तो लावतात अँटिव्हायरसला आतलं दिसू नये म्हणून. प्रोग्रॅम चालू केला, काही उघडलं नाही, विंडोज अपडेटची खिडकी आली, तो घरी गेला.

आम्ही दोघे आत आलो. त्याने स्वतःच सांगितलं, “मोठेबाबा, माह्या हातून झालं.”

भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, पयल्याच दिवशी सांगाचं होतं ना. मी काय खाऊन टाकलं असतं का तुले?”

हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक दुकानात सांगतो. ते दोन दिवस स्वस्त नव्हते. का ते पुढे येतं. माझं मत असं झालंय की दुकानात नवीन पोरगा ठेवताना मालकाने त्याला पहिल्या दिवशी गल्ल्याची किल्ली दाखवतात तसं हेही सांगावं: संगणकावर काही उलटसुलट क्लिक झालं तर त्याच मिनिटाला ये, ओरडणार नाही. आणि मग खरंच ओरडू नये.

न दिसणारी जखम

डेजाव्हू बहुतेक वेळा एकटा येत नाही. त्याच्यासोबत पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅम येतो. व्हिडार, रेडलाइन, अझोरल्ट ही त्यातली माहीत असलेली नावं. फायलींना कुलूप लागलेलं आपल्याला दिसतं, आपण त्याच्यामागे धावतो, आणि तोवर ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड बाहेर गेलेले असतात.

भाऊंच्या ब्राउझरमध्ये काय काय होतं? दुकानाचा ईमेल, जीएसटी पोर्टल, बँकेच्या नेट बँकिंगचा लॉगिन, दोन बियाणे कंपन्यांच्या डीलर पोर्टलचे पासवर्ड. बहुतेक ठिकाणी एकच पासवर्ड, दुकानाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरमधून शिरकाव झाला हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी पहिल्याच तासाला पासवर्ड बदलायला लावले असते. आम्ही ते तिसऱ्या दिवशी केलं. दुसऱ्या रात्री दुकानाच्या ईमेलवर अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झाल्याची सूचना आलेली होती, ती कुणी वाचली नव्हती. ईमेल हातात असलेला माणूस बाकी सगळ्या ठिकाणी ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून आत शिरू शकतो, म्हणून सुरुवात ईमेलपासून केली. वहिनींच्या मोबाइलवरून, त्या संगणकावरून नाही. आधी ईमेलचा पासवर्ड, मग ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा’, मग दुहेरी पडताळणी चालू. त्याच क्रमाने बँक, जीएसटी, डीलर पोर्टल. बँकेत भाऊ स्वतः गेले आणि नेट बँकिंगची व्यवहार मर्यादा कमी करून आले. खात्यातून पैसे गेले नव्हते. गेले असते तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला लगेच फोन करायचा होता. तिथे पहिल्या काही तासांना मोल आहे, कारण पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत तेवढ्यात थांबवता येतात.

तक्रार मात्र केली. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर, आणि सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेला ईमेलने. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची मुदत आहे. आमचा ईमेल उशिराच गेला. तक्रारीने फायली परत येत नाहीत हे भाऊंना आधीच सांगितलं होतं. पण उद्या त्यांच्या ईमेलवरून कुणी कंपनीला खोटी ऑर्डर दिली किंवा कास्तकारांना पैसे मागितले तर आपण आधी कळवलं होतं याचा कागद हाती हवा.

वही पुन्हा उभी केली ती अशी

आता जो भाग मला सगळ्यात शिकवून गेला तो.

पहिला आधार करसल्लागारांच्या कार्यालयात सापडला. वर्षाचा हिशेब करायला मे महिन्यात पुतण्याने त्यांना ३१ मार्चपर्यंतची टॅलीची प्रत पाठवली होती. ती त्यांच्या संगणकावर शाबूत होती. कुणी ‘बॅकअप’ म्हणून ठेवलेली नव्हती, पण ती दुकानाच्या वायरला जोडलेली नव्हती, एवढ्यानेच ती वाचली. मागच्या हंगामाची उरलेली उधारी अशी परत आली. खंडणीचा विषय त्या दिवशी संपला. ७२ तासांची मुदत संपायच्या आत.

राहिले एप्रिल, मे आणि जूनचे पहिले दिवस. खरेदीची बाजू सोपी वाटली होती. जीएसटी पोर्टलवर आपल्याला माल विकणाऱ्याने भरलेली बिलं जीएसटीआर-२बी मध्ये दिसतात. खत आणि औषधं तिथे मिळाली. बियाणं नाही मिळालं. बियाण्यावर जीएसटी नाही, आणि करमुक्त मालाची विक्री पुरवठादार बिलवार न दाखवता एकत्रित आकड्यात दाखवतो. म्हणजे कृषी केंद्राच्या खरिपाचा सगळ्यात मोठा माल पोर्टलवर बिलवार नसतोच. ती बिलं वितरकाकडून पुन्हा मागवावी लागली. ज्यांना वाटतं की जीएसटी पोर्टल हाच आपला बॅकअप आहे, त्यांनी हे एकदा तपासून पाहावं.

विक्रीची बाजू अवघड होती. बिलं प्रिंटरवर एकाच प्रतीत निघायची आणि कास्तकाराला दिली जायची. दुसरी प्रत ठेवायची गरज वाटली नव्हती, संगणकात आहे म्हणून.

इथे पुतण्या कामाला आला. उधारीच्या गिऱ्हाइकाला बिलाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायची त्याची सवय होती. कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याला ते नीट वाटायचं. दुकानाच्या मोबाइलमध्ये मे अखेरपासूनच्या उधारीच्या बिलांचे फोटो तारखेसकट सापडले, लॉट नंबरसकट. ज्याच्या हातून कुलूप लागलं त्याच्याच सवयीमुळे निम्म्याहून जास्त वही परत आली. वहिनींनी आणि त्याने चार रात्री बसून ती टॅलीत भरली.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांची बिलं उरली. बहुतेक साठीच्या पुढचे कास्तकार. आम्ही आधी एकूण आकडा काढला. ३१ मार्चचा शिल्लक माल, त्यात खरेदी मिळवली, गोदाम मोजून आजचा माल वजा केला. म्हणजे एवढ्या रुपयांचा माल गेला. त्यातून यूपीआयने आलेले पैसे वजा केले, ते बँकेच्या खातेउताऱ्यावर होते. रोख वजा केली. रोजची रोख वहिनी रात्री मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेच्या चौकोनात लिहायच्या. उरला तो उधारीचा आकडा. त्यातून फोटोंमधली उधारी गेली. जे राहिलं ते फोन नसलेल्या माणसांकडे आहे.

त्या वर्षी बिपरजॉय वादळामुळे पाऊस लांबला आणि विदर्भात मान्सून जूनच्या चौथ्या आठवड्यात पोचला. कास्तकार हवालदिल होते आणि दुकानात चौकशीला रोज येत होते. भाऊंनी प्रत्येकाला खरं सांगितलं, आमच्या संगणकातली नोंद गेली आहे, तुमच्याकडचं बिल दाखवा. मला भीती होती की लोक नाकारतील. लोकांनी प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली बिलं आणली. एका म्हाताऱ्याने बिल आणलं नव्हतं. “दोन पाकिटं सरकी अन् एक औषधाची बाटली होती माह्याकडं. लिहून घ्या ना जी, मी काय पयून चाल्लो?” त्याच्या सांगण्यावर नोंद केली. सरकीच्या बीजी-२, म्हणजे बीटी कापसाच्या, पाकिटाचा त्या वर्षीचा भाव ८५३ रुपये होता.

दोघा-तिघांशी वाद झाला. भाऊंचा नियम असा की बिल नसेल आणि आपला आकडा सिद्ध होत नसेल, तर कास्तकार म्हणतो तो आकडा धरायचा. मला तो नियम तोट्याचा वाटला होता आणि मी तसं बोललोही. भाऊंचं म्हणणं होतं की नोंद सांभाळायची जबाबदारी दुकानाची होती, चूक दुकानाची झाली, तिचं ओझं कास्तकारावर टाकता येणार नाही. आता मला ते बरोबर वाटतं.

नंतरची मांडणी

जुनी हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवली आहे, चिठ्ठीसकट. पुढे कधी किल्ली सापडली तर उपयोगी पडेल. या व्हायरसला घाई असते म्हणून तो प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण दीडशे केबीचा भागच कुलूपबंद करतो. त्यामुळे शेतावरच्या प्रात्यक्षिकांचे काही मोठे व्हिडिओ दुरुस्त होऊन परत चालले. टॅलीचा डेटा नाही चालला.

संगणकात नवी डिस्क आणि खरेदी केलेलं विंडोज टाकलं. रोजच्या कामाला साधं खातं ठेवलं, ज्यातून काही नवीन बसवता येत नाही. बसवायचं असेल तर दुसऱ्या खात्याचा पासवर्ड लागतो आणि तो वहिनींकडे असतो. विंडोज १० मध्ये २०१७ च्या शेवटापासून ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाची सोय आहे, अनोळखी प्रोग्रॅमला ठरलेल्या फोल्डरांत लिहू देत नाही. ती आपोआप चालू नसते. चालू केल्यावर टॅलीला परवानगी द्यावी लागते, नाहीतर टॅलीच अडते. पहिल्या दिवशी तसं झालं आणि भाऊंना वाटलं, पुन्हा व्हायरस आला. दूरवरून संगणक हाताळायचं जे सॉफ्टवेअर माझ्या सोयीसाठी कायम चालू ठेवलेलं होतं, तेही मी काढलं. आता गरज पडली की मी गाडी काढून जातो. विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे संगणक बदलायचा विषयही मी भाऊंच्या कानावर घातला आहे.

प्रतीसाठी दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घेतल्या. हंगामात रोज रात्री आणि बाकी वर्षभर आठवडी बाजाराच्या दिवशी एक डिस्क लावायची, टॅलीची प्रत घ्यायची, डिस्क काढायची. एक दुकानात, एक घरच्या कपाटात, दर आठवड्याला अदलाबदल. याशिवाय वहिनी महिन्यातून एकदा ती प्रत करसल्लागारांना पाठवतात. अँटिव्हायरस आहेच, पण या प्रकरणात त्याने आपलं काम केलं होतं. त्याला बाजूला सारलं गेलं.

एक गोष्ट मी आग्रहाने करून घेतली. प्रत घेतली म्हणजे ती उघडते असं नाही. म्हणून त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बाजार बंद असताना, घरची डिस्क माझ्या रिकाम्या लॅपटॉपला लावून वहिनींनी स्वतः टॅली परत उभी केली. पहिल्यांदा जमलं नाही, चुकीचा फोल्डर निवडला गेला. दुसऱ्यांदा जमलं. पावणेतास लागला. आता दर पोळ्याला ते होतं आणि मला बोलवत नाहीत.

बॅनर मागच्या खरिपातही पुतण्यानेच केलं, मोबाइलवरच्या एका फुकट आणि कायदेशीर ॲपवर. हिरव्या पट्टीवर पिवळी अक्षरं, दुकानाच्या दारावर लावलंय.

हिशेबातली तफावत टॅलीत उचंत खात्याला, म्हणजे न जुळणारी रक्कम तात्पुरती ठेवायच्या खात्याला, टाकली होती. सुरुवातीला ती १४ हजारांच्या घरात होती. त्या वर्षीचा कापूस विकल्यावर लोक येत गेले, काहींनी स्वतःहून सांगितलं की माझी एक बाटली तुमच्या वहीत नाही, आणि आकडा उतरत गेला. आता त्यात १,७४० रुपये आहेत, सरकीच्या दोन पाकिटांहून थोडे जास्त. करसल्लागार दर मार्चला म्हणतात की तोटा दाखवून खातं बंद करा. भाऊ म्हणतात, राहू द्या, कोणी तरी आणून देईल.